माती कोणत्या बाजूला

सहा नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी साडेनऊ. कळंबची साईट, भिंत क्रमांक एकसमोर. हजर: मी (साईट इंजिनिअर), मुकादम काशिनाथ, फिटर बसवराज आणि त्याची चार माणसं, आणि पनवेलच्या डिझाइन ऑफिसचे ड्राफ्ट्समन अनंत भोईर, कोणी बोलावलेलं नसताना.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे. शेवटचे तीन शब्द मी वैतागून लिहिले होते. ड्रॉइंग काढणारा माणूस साईटवर येत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. तो ऑफिसात बसतो, कागद पाठवतो, आणि आम्ही शंका विचारायला फोन केला की जेवायला गेलेला असतो. हे गृहस्थ मात्र खोपोलीहून एसटी आणि मग टमटम करून आले होते. पायात रबरी बूट, खिशात लाल पेन, काखेत ड्रॉइंगच्या दोन प्रती. नमस्कार-चमत्कार काही नाही. एक प्रत त्यांनी बसवराजच्या हातात दिली आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच. काय बांधणार ते सांग. मी काय बोलणार नाय."

बसवराज उदगीरकडचा. सळई वाकवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण असं वर्गात उभं राहून वाचायची वेळ त्याच्यावर शाळा सोडल्यापासून आली नसावी. त्याने सुरुवात केली. सोळाची सळई, उभी, दीडशे मिलिमीटरवर. मग अडला. पुढे गेला, पुन्हा अडला. तो अडला की भोईर स्वतःजवळच्या प्रतीवर त्या जागी लाल ठिपका द्यायचे. वळून बघायचे नाहीत.

काशिनाथ कळंब गावचाच, तोंडाने मोकळा. तो म्हणाला, "भोईर, तुमी असं पाठ फिरवून उभं राह्यलात तर लोकांना वाटंल लघवीला थांबलेत."

"वाटू दे रं," भोईर म्हणाले आणि आणखी एक ठिपका दिला.

अकरा ठिपके झाले. मी म्हटलं, इथे उभेच आहात तर त्या अकरा गोष्टी त्याला आत्ताच समजावून का देत नाही? ते म्हणाले, "मी सांगितलं तर त्याला कळंल, ताई. कागदाला नाय कळणार. उद्या मी हितं नसणार. कागद असंल."

तिसऱ्या दिवशी नवा कागद आला. प्रत्येक सळई सुटी काढून दाखवलेली, कुठे किती वाकवायची ते मापासकट. कोपऱ्यात भिंतीचं छोटं चित्र आणि त्याच्या एका टोकाला उभा असलेला माणूस, हातात डबा. माणसाखाली लिहिलेलं: "रस्त्यावर असं उभं राहा." भिंतीच्या एका बाजूला मोठ्या अक्षरात "माती" आणि दुसऱ्या बाजूला "हवा". बसवराजने तो कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाचला. माझ्या नोकरीत मला असा कागद पहिल्यांदा मिळत होता.

माती आणि हवा हे शब्द का, ते सांगायला हवं. डोंगराच्या उतारावर बंगले बांधायचे तर जमिनीच्या पायऱ्या कराव्या लागतात, आणि वरच्या पायरीची माती खाली येऊ नये म्हणून काँक्रीटची भिंत घालावी लागते. माती भिंतीला ढकलते, भिंत मागे रेटते. त्या रेट्यात भिंतीचं जे अंग ताणलं जातं, तिथे जाड सळई लागते. ते अंग मातीकडचं. हवेकडच्या अंगाला बारीक जाळी पुरते. सळई तीच, तेवढीच, पण चुकीच्या अंगाला गेली तर भिंत उभी राहते, रंग लावून घेते, आणि एक दिवस जाते.

भोईर कर्जतजवळच्या एका भातशेतीच्या गावचे. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स करून खोपोलीतल्या एका कारखान्यात लागले. तिथे तेवीस वर्षं यंत्रांचे भाग काढले. कारखाना बंद झाला तेव्हा वय पंचेचाळीसच्या पुढे. त्या वयात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकले आणि पनवेलच्या ऑफिसात इमारतींच्या कामाला लागले. यंत्राच्या भागाची चूक दुसऱ्या दिवशी कळते, तो बसतच नाही, असं ते म्हणायचे. "हितं चूक बसते. आतमदी बसते आनि दिसत नाय."

'नेहमीप्रमाणे' या शब्दावर त्यांचा राग होता. "ड्रॉइंगवर 'नेहमीप्रमाणे' असं लिहिणारा माणूस झोपायला निघालेला असतो, ताई." दुसरा राग स्वच्छ दिसणाऱ्या कागदावर. साहेबांचा कागद इस्त्रीचा असतो, आपला अंगात घालायचा असतो, असं म्हणून ते आपल्या गिचमिड कागदाकडे समाधानाने बघायचे. जेवण उभ्यानेच, बहुतेक वेळा भाकरी आणि सुकट. घरी काय चालतं, याबद्दल अवाक्षर नाही. दोन वर्षांत मला एवढंच कळलं, की बायको आहे आणि तिला वाचायची आवड आहे.

आमचं जमलं, कारण मी यादी करणारी बाई आहे. काँक्रीट ओतण्याआधी तपासायची माझी चौदा मुद्द्यांची यादी होती: सळईची जाडी, अंतर, जोड, साच्याची बांधणी, असं सगळं. मुद्दा तपासला की बरोबरची खूण, शेवटी सही. भोईरांनी ती एकदा मागून घेतली, चष्मा वर करून वाचली आणि परत दिली. "चांगली हाय. पन यादीत जेवढं हाय तेवढंच तुमाला दिसणार." मला ते थोडं लागलं होतं. मी पंधरावा मुद्दा घालायला हवा होता. घातला नाही.

पुढच्या वर्षी त्यांच्या ऑफिसात नवे साहेब आले. मोठ्या सल्लागार कंपनीतून आलेले, हुशार. त्यांनी भोईरांचे कागद पाहिले आणि डब्याचा माणूस काढायला सांगितला. मग मराठी शब्द काढायला सांगितले, कारण करार इंग्रजीत आहे. मग म्हणाले, सारख्या भिंतींना दहा-दहा कागद कशाला, एकाचा कागद करा आणि बाकीच्यांना एक ओळ लिहा. भोईर दोन महिने भांडले. त्याच सुमारास त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धुळीत जायला बंदी केली, आणि साईटवर येणं थांबलं.

सुट्टीवरून ते परतले तेव्हा कागद निघायचाच होता. त्यांनी साहेबांचं ऐकलं. कागदावर ओळ आली: "भिंत तीन: भिंत एकप्रमाणे, उलट हाताने." म्हणजे भिंत एकला माती उजवीकडे असेल तर हिला डावीकडे. ओळ बरोबर होती. कुठे उभं राहून डावीकडे, एवढंच कागदावर नव्हतं.

भिंत तीन दोन प्लॉटच्या मध्ये, एक टोक रस्त्याला आणि दुसरं टोक ओहोळाला. काम सुरू झालं तेव्हा रस्ता खणलेला होता, म्हणून माल ओहोळाच्या बाजूने यायचा आणि माणसंही तिथेच उभी राहायची. बसवराजने तिथे उभं राहून कागद वाचला आणि जाड सळई स्वतःच्या डाव्या हाताला बांधली. भराव नंतर पडणार होता, त्यामुळे दोन्हीकडची जमीन त्या वेळी सारखी. बघून समजण्यासारखं काही नव्हतं. मीही ओहोळाकडूनच आले. जाडी बरोबर, अंतर बरोबर, जोड बरोबर. चौदाच्या चौदा खुणा केल्या आणि सही केली.

उन्हाळ्यात भराव पडला. तो हवेच्या अंगाला पडला असं म्हणायला हवं, पण जागा भरावाची बरोबर होती, सळईची चुकली होती.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस पाऊस थांबला नाही. भिंतीतून पाणी जायला भोकं ठेवलेली असतात, ती गाळाने बुजली होती. मी सकाळच्या यादीत चौथं काम लिहिलं: भिंत तीनची भोकं मोकळी करणे, काशिनाथ. तो म्हणाला, "जरा उघडू दे ना ताई." मी म्हटलं, उघडलं की पाणी साठलेलंच असेल, आत्ताच जा. तो इरलं घालून, गज घेऊन गेला. "तुमच्या वहीत आलं म्हंजे झालंच आमचं," असं जाता जाता म्हणाला. पावणेअकराला भिंत बुडातून मोडून आडवी झाली आणि भराव तिच्यावरून आला. मशीन लावून त्याला काढायला दुपारचे तीन वाजले.

कळंबमध्ये त्याच्या घरी मी गेले. त्याच्या बायकोने मला बसायला पाट दिला. ती एवढंच म्हणाली, "चा पिऊन नाय गेला आज." मी तिथे किती वेळ बसले ते लिहिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी भोईर आले. भिंतीच्या मोडक्या बुंध्यातून सळया वर आल्या होत्या. ते गुडघ्यावर बसले आणि एकेक सळई बोटांनी धरून बघू लागले. मग उठून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मग ओहोळाकडे जाऊन उभे राहिले. परत आल्यावर माझ्याकडे कागद मागितला.

"तुमी ओहोळाकडनं वाचलात," ते म्हणाले. "मी रस्त्यावरनं काढली होती."

मी म्हटलं, सही माझी आहे.

"सही तुमची हाय. कागद माजा हाय. त्याच्यावर माती लिवलेली नाय. मी पुसली, ताई. सायबानी सांगितलं, पन हात माजा होता."

चौकशी झाली. ऑफिसने लिहून दिलं, की जाड सळई मातीकडे घालतात हे कोणत्याही जाणकाराला ठाऊक असतं. ठेकेदाराने लिहून दिलं, की फिटरने चूक केली. बसवराजला काढलं. तो रात्रीच्या गाडीने उदगीरला गेला आणि पुन्हा आला नाही. माझी बदली झाली. भोईर मात्र न बोलावता चौकशीला गेले आणि म्हणाले, लिहून घ्या, कागद अपुरा होता आणि तो मी काढला. अधिकाऱ्याने विचारलं, तुम्हाला कोणी दोष दिलाय का? ते म्हणाले, "दिला नाय म्हनून तर आलो. फिटरला दिलाय. तो बरोबर वाचत होता." चौकशीच्या कागदांना त्यांचा जबाब जोडला गेला. निकाल बदलला नाही. महिन्याभरात ऑफिसने त्यांना निरोप दिला.

निघताना त्यांनी एक काम केलं. कोणता कागद कुठे गेला याची नोंदवही ते स्वतःच ठेवत. त्यातून 'उलट हाताने' ही ओळ कुठे कुठे गेली ते त्यांनी उतरवून घेतलं. सात भिंती. चार कळंबच्या आणि तीन खालापूर तालुक्यातल्या दुसऱ्या वसाहतीत, ठेकेदार वेगळा. यादीतली पहिली पडली होती. उरल्या सहा, आणि त्या बांधताना माणसं कोणत्या टोकाला उभी होती हे कोणालाच माहीत नव्हतं. भोईर माझ्या कर्जतच्या घरी आले, यादी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बघायला लागंल."

बघायची रीत सोपी आहे. भिंतीच्या हवेकडच्या अंगाला छिन्नीने मुठीएवढं भोक पाडायचं. आत बारीक जाळी दिसली तर ठीक. जाड सळई दिसली तर भिंत उलटी आहे. अवघड होतं ते गेटमधून आत जाणं. शनिवार-रविवारचे मालक, भिंतीला बाहेरून दगडी फरशी लावलेली, खाली फुलझाडं. एक बाई म्हणाल्या, तुम्ही ऑफिसचे नाही, सरकारचे नाही, मग आमच्या भिंतीला भोक का पाडताय? भोईर म्हणाले, "बाई, भोक मुठीएवढं पडंल. भिंत पडल्यावर केवढं पडतं ते आमी बघून आलोय." त्यांनी पाडू दिलं. एकांनी वकिलाला फोन लावला. एका आजोबांनी स्वतः खुर्ची आणून दिली आणि शेवटपर्यंत बॅटरी धरून उभे राहिले.

मी सोबत जायचे. छिन्नी ते मला देत नसत. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला अंतराचा अंदाज येत नव्हता, हातोडा अंगठ्यावर बसायचा, नख काळं झालेलं. दुसऱ्या भिंतीला जाळी दिसली. तिसऱ्यालाही. चौथ्या भिंतीत जाड सळई दिसली, तेव्हा ते खाली बसले आणि छिन्नी पुसत राहिले. मालकाला मी सांगितलं. भराव उतरवून ती भिंत पाडली, नवी घातली. पाचवी ठीक होती. सहावी पुन्हा उलटी निघाली, तीही पाडली. या पाच भिंतींना पाच महिने लागले. प्रत्येक मालकाकडून त्यांनी लेखी घेतलं, काय दिसलं आणि कोणत्या अंगाला, आणि प्रत्येक कागदावर स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरात 'माती' लिहिलं.

राहिली सातवी. खालापूरच्या वसाहतीत अगदी शेवटच्या बंगल्याची. मालकाने तो परस्पर विकला, नवा मालक परदेशात, फोन उचलत नाही. भिंतीच्या पायथ्याशी बंगल्याचीच दहा फूट जागा, तारेचं कुंपण, कुलूप. राखणदार एजन्सीचा. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय तो आत सोडत नाही आणि त्याचं काही चुकत नाही. पंचायतीला पत्र दिलं, तहसीलला दिलं. दोन्हींवर पोच आहे. तहसीलचे एक गृहस्थ म्हणाले, भिंत पडली नाही, तर आम्ही काय म्हणून नोटीस काढू?

मार्चमध्ये भोईरांच्या छातीत दुखलं. खोपोलीच्या दवाखान्यात मी गुरुवारी गेले. बायको उशाशी बसून त्यांना पेपर वाचून दाखवत होती. मला बघून त्यांनी तिला थांबायची खूण केली.

"सातवी?"

"गेट बंद आहे."

"खाली घरं किती हायत?"

"तीन."

"मानसं?"

मी माणसं मोजली नव्हती. तसं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "मोजून या. तीन घरं म्हनलं की तिकडं कोन बगत नाय."

मी शनिवारी गेले. चौदा माणसं. त्यात एक चालता न येणारी म्हातारी आणि एक ओली बाळंतीण. ते मी कागदावर लिहिलं आणि रविवारी सकाळी दवाखान्यात पोचले, तेव्हा त्यांची खाट रिकामी करून चादर बदलत होते. त्यांच्या बायकोने मला व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, "किती निघाली?" मी म्हटलं, चौदा. तिने मान हलवली.

त्यानंतर मी एकदा छिन्नी घेऊन कुंपणाशी गेले. राखणदार म्हणाला, मॅडम, पोलिसांना बोलवावं लागेल. मी म्हटलं, बोलवा. त्याने बोलावलं. ते आले, नीट बोलले, माझं म्हणणं लिहून घेतलं, मला जीपने कर्जतला सोडलं. त्या नोंदीची प्रत माझ्याकडे आहे.

खालच्या तीन घरांना मी सगळं सांगितलंय. कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यातली एक, कमल नावाची, भांडी घासता घासता ऐकत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने वर भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग ती पडंल का नाय पडणार, एक काय ते सांगा ना ताई."

मी म्हटलं, आत बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

"आनि तवर आमी कुठं जायचं?"

पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी शाळेची खोली मिळेल का, ते विचारलंय. मुख्याध्यापक म्हणाले, वरून पत्र आणा. नव्या मालकाला चौथं पत्र गेल्या सोमवारी गेलं. आज मेची बावीस तारीख. भिंत सात. जाड सळई कोणत्या अंगाला: पाहिलेली नाही.